कवी कुठं उबा हाय

फेब्रुवारी संपत आला की साताऱ्यात दुपारची एक वेळ अशी येते, की सगळी आळी दार लोटून पडलेली असते आणि फक्त दहावीची मुलं जागी असतात. आमच्या शेजारची तन्वी गच्चीवर फेऱ्या मारत पाठ करते. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाताना एक वाक्य, वळून परत येताना तेच वाक्य. "सदर कवितेचा सूर आनंदाचा व अभिमानाचा आहे." कडुलिंबाची पानं तिच्या पायाखाली कुरकुरतात. खाली मी पोळ्यांचं पीठ मळत असते, आणि त्या वाक्यापाशी माझा हात थांबतो.

खरं तर मला तक्रार करायला तोंड नाही. मी मराठीची शिक्षिका होते. जवळजवळ तीस वर्षं मी मुलांना हेच वाक्य लिहून दिलं, कविता बदलली तरी वाक्य तेच. तन्वीच्या पुस्तकातली कविता कुठल्याशा पक्ष्याची आहे. माझ्या वेळची धरणाची होती. सूर मात्र तेव्हाही आनंदाचा व अभिमानाचाच होता. माणसं मरतात, शाळांच्या इमारती पडतात, पण गाईडमधल्या वाक्याला मरण नाही.

सत्तरच्या दशकाची मधली वर्षं. अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी नवी नवी आली होती. मी साताऱ्याहून सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यात पहिल्या नोकरीवर गेले होते. कराडला एसटी बदलायची, मग तासभर धक्के खायचे. शाळेच्या दगडी खोल्या तीन, आणि दहावीचा वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये. शेडला दोन खिडक्या, त्यातली एक कायमची खिळे ठोकून बंद केलेली. तिन्ही बाजूंनी ऊस, खिडकीपेक्षा उंच. वारा म्हणून आत येत नसे, येत असे ती फक्त पाचटाची ऊब. जानेवारीत ऊस तुटून गेला, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की शाळेच्या मागे डोंगर आहे. सहा महिने मी त्या डोंगरासमोर राहत होते आणि मला तो माहीतच नव्हता.

माझी ऑर्डर तात्पुरती होती. हेडसर सज्जन होते, पण निकालाच्या बाबतीत त्यांचा जीव टांगणीला लागलेला असे. "बाई, मराठीचा निकाल चोख लागला की तुमची ऑर्डर कायम समजा," असं ते दर आठवड्याला म्हणत. निकाल चोख लावायची त्यांची रीत साधी होती. पूर्वपरीक्षेत जो नापास होईल, त्याचं बोर्डाचं हॉल तिकीट ऑफिसातल्या लोखंडी कपाटात राहायचं. कपाटाची किल्ली सरांच्या जानव्याला. कच्चं मूल बोर्डाला बसलंच नाही, तर ते नापास कसं होणार. आसपासच्या शाळांतही हेच चाले, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटत नसे. मलाही वाटलं नाही.

ऊस जिथे संपे, तिथून पुढे माळ होता आणि माळावर वसाहत. वर कोयनेच्या बाजूला धरण झालं, तेव्हा ज्यांची गावं पाण्यात गेली, त्यांतली काही घरं इथे आणून बसवली होती. गावातले लोक त्यांना 'धरणवाले' म्हणत. गाव पाण्यात गेलं होतं, पण नाव त्यांनी बरोबर आणलं होतं. वसाहतीच्या तोंडाशी एका पत्र्यावर ते चुन्याने लिहिलेलं होतं. आमच्या ऑफिसातला बल्ब त्याच पाण्यावर लागत असे. वसाहतीत वीज नव्हती. हे मी आज लिहिते आहे तसं तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

त्या वर्षी पुस्तकात धरणावर कविता होती. नदी डोंगरातून धावून धावून दमते, आणि मग धरणाच्या मांडीवर लेकरासारखी शांत निजते, अशी. ते निजलेलं पाणी बघून कवीचा ऊर भरून येतो. कविता चांगलीच होती, खोटं कशाला बोलू. चाल अंगाईची होती. मी ती वर्गात अंगाईसारखीच म्हणून दाखवली, मान डोलावत, हातानं थोपटल्यासारखं करत. समोर वसाहतीतली सहा मुलं बसली होती. मला काही खटकलं नाही. याहून मोठ्या चुका मी आयुष्यात केल्या असतील, पण इतक्या आनंदाने केलेली दुसरी आठवत नाही.

कविता झाली, आणि मी फळ्यावर तीन मथळे लिहिले: सूर, अलंकार, कवीची भूमिका. वसाहतीतली अनसूया उठून उभी राहिली. सगळे तिला अनशी म्हणत. काळीसावळी, दोन घट्ट वेण्या, बोलायला लागली की नजर जमिनीवर.

"बाई, एक इचारू?"

"विचार."

"ह्यो कवी कुठं उबा हाय?"

"म्हणजे काय?"

"पाणी बगतोय न्हवं तो. मग कुठं उबा ऱ्हाऊन बगतोय?"

आज मला वाटतं, माझ्या सगळ्या नोकरीत कवितेबद्दल यापेक्षा चांगला प्रश्न मला कुणी विचारला नाही. कवीची भूमिका म्हणून मी जे फळ्यावर लिहिलं होतं, तेच ती विचारत होती, फक्त पायाखालच्या जमिनीसकट. पण तेव्हा मी तेवीस वर्षांची होते, डिसेंबर संपत आला होता आणि निम्मं पुस्तक शिकवायचं राहिलं होतं. मी म्हणाले, "अगं, कवी कुठे उभा आहे ते बोर्ड विचारत नाही. बोर्ड सूर विचारतं. तो लिहून घे." वर्ग हसला. मीही हसले. अनशी खाली बसली आणि तिने लिहून घेतलं.

पूर्वपरीक्षेत तो प्रश्न आलाच, मीच काढला होता. आठ गुणांचा. बेचाळीस मुलांनी बेचाळीस वेळा आनंद आणि अभिमान लिहिला. काहींनी अभिमानाचं शुद्धलेखन चुकवून लिहिला. अनशीचं उत्तर निराळं होतं. तिने पुस्तकी भाषा धरायचा प्रयत्न केला होता. तो कागद आजही माझ्यापाशी आहे, म्हणून तिचे शब्द सांगता येतात:

"कवी भिंतीवर उभा आहे. त्याला वरून पाणी दिसते. वरून पाहिले तर पाणी लेकरासारखे दिसेल. लेकराच्या खाली काय आहे ते त्याला दिसत नाही. खाली आमची चूल आहे. पाणी निजलेले नाही, ते आमच्या घरावर बसले आहे. म्हणून या कवितेचा सूर आनंदाचा आहे असे मला म्हणता येत नाही. कवीला म्हणता येते कारण तो वर आहे."

मी लाल शाईने शून्य काढलं आणि खाली शेरा लिहिला: 'विषयांतर'. हात अडखळला का? नाही. गठ्ठ्यात अजून वीस पेपर होते.

अनशी मराठीत चार गुणांनी नापास झाली. बाकी सगळ्या विषयांत पास. तिचं हॉल तिकीट कपाटात राहिलं.

दोन दिवसांनी तिचे वडील शाळेत आले. व्हरांड्यात बाक होता, पण ते भिंतीला टेकून उकिडवे बसले. मी गेले तसे उठले.

"आवं बाई, पोरगी खोटं लिवती व्हय?"

"खोटं नाही हो. पण विचारलं होतं ते तिने लिहिलं नाही."

"मग काय लिवायचं तेवडं सांगा की. लिवल ती." त्यांनी टोपी काढून परत घातली. "ह्या साली पास झाली तर मिरजंला नर्सिंगला घालायचं म्हणतोय. न्हाई तर पावणं थांबल्यात. वैशाखाच्या फुडं मला बी थोपवता यायचं न्हाई. मी तरी किती जणांस्नी न्हाई म्हणू?"

त्या माणसाला मी नाही म्हणू शकले नाही. हेडसरांकडे गेले, उत्तर दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं. "मुलगी चुकीचं म्हणत नाही," ते म्हणाले. "पण बोर्डाचा परीक्षक पुण्यात नाहीतर कोल्हापुरात बसून पेपर तपासणार. त्याला हिचं घर कुठून दिसायचं? तिच्याकडून उत्तर परत लिहून घ्या. नीट लिहिलं तर मी तिकीट देतो." चांगला मार्ग होता. कुणाचंच नुकसान नाही. मला हायसं वाटलं.

अनशीने ऑफिसात स्टुलावर बसून नव्या कागदावर उत्तर लिहिलं. दहा मिनिटंही लागली नाहीत. सूर आनंदाचा व अभिमानाचा, अलंकार चेतनगुणोक्ती आणि उपमा, कवीची भूमिका कृतज्ञतेची. एकही चूक नव्हती. तिला ते पहिल्या दिवसापासून पाठ होतं, हे मला तेव्हा कळलं. मी आठांपैकी सात दिले. सरांनी जानव्याची किल्ली ओढून कपाट उघडलं आणि तिकीट तिच्या हातात ठेवलं. जुना कागद फाडून टाका, म्हणाले. मी तो घडी करून पुस्तकात ठेवला, का ते मलाही सांगता आलं नसतं. त्या दिवशी घरी जाताना मी स्वतःवर खूश होते. मुलीचं एक वर्ष, कदाचित अख्खं आयुष्य, वाचवलं होतं मी.

मग मार्च आला. शेडचा पत्रा अकरा वाजल्यापासून तापायचा. परीक्षेला दिवस थोडे राहिलेले, म्हणून मी वसाहतीतल्या मुलांची रोज दुपारी उजळणी घेत असे. अनशी उभी राहून म्हणायची, हात मागे बांधून. शब्द सगळे जागच्या जागी, आवाज मात्र बाजाराची यादी वाचावी तसा. मी म्हणायचे, "अगं, जरा उत्साहाने म्हण. सूर आनंदाचा आहे ना?" ती मान हलवायची आणि परत तसंच म्हणायची.

एकदा मी तिला मूळ कविताच म्हणायला सांगितली. तिने सावकाश म्हटली. तीच चाल, तेच शब्द, तेच निजलेलं लेकरू. आमच्याकडे मयतापाशी बायका हेल काढून रडतात, गेलेल्याला हाका मारत. अंगाईचा हेल आणि तो हेल एकमेकांपासून फार लांब नसतात. आवाज जरासा खाली आला की एकाचा दुसरा होतो. कवीने आनंद लिहिला होता, तो कागदावर तसाच होता, आणि माझ्या कानाला मात्र भलतंच ऐकू येत होतं. सूर कवितेत असतो असं मी मुलांना सांगत आले होते; म्हणणाऱ्याच्या गळ्यात काय अडकलेलं आहे, हे कुठल्याच गाईडने विचारलं नव्हतं. "छान," मी म्हणाले. "आता पुढचा धडा." दुसरं काय म्हणणार? दारं सगळी मीच लावून घेतली होती. तिला खरं लिही म्हणावं तर तिचं नर्सिंग जाणार, खोटं लिही म्हणावं तर जीभ रेटत नव्हती, आणि न बोलता मी तेच सांगत होते, रोज दुपारी, हजेरी घेऊन.

परीक्षा झाली. पेपर कसा गेला, मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

मेमध्ये मी साताऱ्याला घरी जाणार होते, पण थांबले. वसाहतीतली माणसं दर वर्षी मेमध्ये, धरणाचं पाणी खाली गेलं की, आपल्या गावी जात. पाण्यात बुडालेलं देऊळ तेवढे काही दिवस उघडं पडायचं. देवाला नारळ, नैवेद्य, आणि परत. अनशीच्या वडिलांनी मला बोलावलं होतं. ट्रकमध्ये आम्ही तीसेक जण उभे होतो. कराड, पाटण, मग वळणावळणाचा घाट. बायकांच्या मांडीवर नैवेद्याचे डबे. अनशीच्या आईने डब्याबरोबर एक केरसुणी घेतली होती. ट्रकमध्ये केरसुणी कशाला, असं मला वाटलं.

खाली उतरलो तेव्हा सगळीकडे भेगाळलेला गाळ. देवळाला शेवाळ सुकून चिकटलेलं. माणसं पांगली. प्रत्येक जण न चुकता आपापल्या ठिकाणी गेला, तिथे भिंत नव्हती, दार नव्हतं, तरी. अनशीला त्यांनी कडेवर घेऊन गाव सोडलं होतं. तिला ते घर असं आठवतच नव्हतं. तिने ते दर मेमध्ये आईच्या बोटाने पाहिलं होतं. "हितं चूल हुती. हितं जातं. हितं ही जल्मली." आई दाखवत होती. मग तिने पदर खोचला आणि केरसुणीने जोतं झाडायला घेतलं. गाळाचे पोपडे काढले, कोपरे झाडले, उंबऱ्याच्या दगडावर चिमूटभर रांगोळी घातली.

"आता महिन्याभरात पाणी परत येईल ना?" मी बावळटासारखं विचारलं.

"येऊ दे की. तवर झाडल्यालं तरी असू दे."

मी वर पाहिलं. सगळ्या डोंगरांना एकाच उंचीवर एक तांबडी रेघ होती. रेघेच्या वर झाडी, खाली उघडी माती. पाणी तिथपर्यंत येत होतं. आम्ही उभे होतो तिथून ती रेघ बघायला मान पूर्ण मागे टाकावी लागत होती. कवी त्या रेघेच्याही वर उभा होता, कुठेतरी भिंतीवर, स्वच्छ हवेत, आणि त्याला खरंच निजलेलं लेकरू दिसलं होतं. त्याचं खोटं नव्हतं. मीही तिथे उभी असते तर मला तेच दिसलं असतं. हेच मला सोसेना.

"अनशी म्हणती, तुमच्या पुस्तकात आमच्या पाण्याचं गाणं हाय," तिची आई झाडता झाडता म्हणाली. "म्हणा की बाई. ऐकू दे आमास्नी बी."

अनशी उंबऱ्यापाशी उभी होती. माझ्याकडे बघत नव्हती. मी पहिलं कडवं म्हटलं. दुसऱ्यात ते मांडीवरचं लेकरू आलं, आणि पुढची ओळ मला आठवेना. महिनोन्महिने घोकून घेतलेली कविता. पायाखाली ते झाडलेलं जोतं.

आईने केरसुणी भिंतीला टेकवायला म्हणून हात पुढे केला, भिंत नव्हती, मग ती तिने खाली ठेवली. "ब्येस हाय," ती म्हणाली. "लिवणाऱ्याला लेकरू ठावं हाय. पर त्येनं वरनं बगून लिवलंय. मे म्हयन्यात यायला पायजे हुतं त्येनं."

या बाईला अक्षर वाचता येत नव्हतं. मी एम. ए. होते.

पुढे मी प्रत्येक वर्गात, प्रत्येक कवितेला, मुलांना आधी विचारू लागले: कवी कुठे उभा आहे? मुलं खुलायची. झाडावर, म्हणायची, खिडकीत, बाजारात, बाई तो कुठंच नाही, घरात बसून लिहितोय. एक तास फार छान जायचा. दुसऱ्या तासाला मी खडू उचलायची आणि म्हणायची, बरं, आता लिहून घ्या. आणि मुलं वह्या उघडायची. असं मी निवृत्त होईपर्यंत केलं. एक तास मोकळा, मग दार बंद. त्याला मी बरीच वर्षं सुधारणा म्हणत होते.

तो कागद अजून आहे. लाल शाई फिकट गुलाबी झाली आहे, पण 'विषयांतर' वाचता येतं. निवृत्त झाले त्या वर्षी मी पेन उघडून बसले होते, शून्य खोडून आठ करायला. मग वाटलं, हे गुण आता कुठल्या तक्त्यात चढवणार? पेन बंद केलं.

आज तन्वी गच्चीवरून वाकून म्हणाली, "आजी, पक्ष्याच्या कवितेचा सूर आनंद आणि अभिमान, बरोबर ना?" माझ्या ओठांवर प्रश्न आला होता. तिचा पेपर सोमवारी आहे. तिला पुढे फार्मसीला जायचं आहे, आईवडिलांनी तिच्यासाठी काय काय सोडलं आहे ते मला माहीत आहे. "बरोबर," मी म्हणाले. "तसंच लिही." ती परत फेऱ्या मारू लागली, आणि मी पीठ मळायला घेतलं.

त्या वर्षी जूनमध्ये निकाल लागला. अनशी पास झाली. मराठीत शाळेत पहिली. हेडसरांनी पेढे वाटले, आणि त्याच दिवशी माझ्या हातात कायम ऑर्डर दिली. अनशी गुणपत्रिका न्यायला आली तेव्हा मी शेडमध्ये एकटीच होते. शेवटी मी तिला विचारलं, "धरणाच्या प्रश्नाला काय लिहिलंस?"

"तुमी सांगितलं तसंच, बाई. एक शबुद हिकडचा तिकडं न्हाई." नजर जमिनीवर. "आईनं बी इचारलं. पेपरात आपल्या घराचं काय लिवलंस म्हणून."

"मग?"

"मी म्हणलं, निजलंय म्हणून लिवलं."

एवढं बोलून तिने गुणपत्रिकेची घडी घातली, ती पिशवीत ठेवली, आणि वाकून मला नमस्कार केला. मी तो घेतला.